छेदस्थानी शिर्के

इथे मला शिर्केभाई म्हणतात.
फतेहगंजच्या अंगाला, कॉलेजच्या तळमजल्यावर
तेवीस वर्षं बाटल्यांना नावं चिकटवतो आहे.
पोरं येतात बाराला, मी असतो नऊपासून.

सूत्र पंड्याबेनच्या अक्षरात फळ्यावर असतं,
पुसलं तरी खाली उरतं:
खऱ्या किमतीतून मिळालेली वजा करा,
खऱ्याने भागा, शंभराने गुणा.
चिन्ह सोडून द्या, म्हणतात बेन,
जास्त काय नि कमी काय, चूक ती चूक.
छेदातली ती खरी किंमत कुठून येते
हे तेवीस वर्षांत कुणी विचारलं नाही.
माझ्या चिमट्यातून येते.

ऑक्झॅलिक ॲसिड. लिटरला सहा पूर्णांक तीन ग्रॅम.
डावीकडे वॉचग्लास, उजवीकडे वजनं:
पाच, एक, मग दोनशे मिलिग्रॅमचा पत्रा, मग शंभरचा.
शेव-उसळीवर लिंबू पिळावं इतकं हाताला ठाऊक.

त्या मंगळवारी गेटबाहेर रिक्षा थांबलेली,
आत बायको, मांडीवर एक्सरेचं पिवळं पाकीट,
सयाजी हॉस्पिटलात दहाच्या आत नंबर लावायचा.
पाच ठेवलं. एक ठेवलं.
दोनशेच्या जागी पाचशेचा पत्रा उचलला.
शंभर.
काटा मध्यावर आला, अगदी शांत.
काट्याला काय, दोन्हीकडे सारखं झालं की झालं.

बाराला एकोणीस पोरं. ब्युरेटमधून जांभळं थेंब थेंब.
दहाला गुलाबी व्हायचं ते
दहा पॉइंट पाचला होतंय, प्रत्येक टेबलावर.
अठरा वह्या: साडेचार टक्के, पावणेपाच, पाच.
बेन कडाडल्या, ब्युरेट धुता की नुसती बुडवता?
दहापैकी चार. दहापैकी चार. दहापैकी चार.
एकटी जिगीषा फणसे, डांडिया बाजारची,
चूक शून्य टक्के. दहापैकी दहा.

संध्याकाळी पेटी बंद करायला गेलो तर
दोनशेचा पत्रा आपल्या खाचेत झोपलेला,
पाचशेची खाच रिकामी.
पाचशे अजून पारड्यात.

मग मी वह्या उघडल्या. तो माझा हक्क नव्हे.
जिगीषाची खिडकीशी नेली, उरल्या उजेडात तिरकी धरली.
पेन्सिलीने १०.०
आणि त्या शेवटच्या शून्याच्या पोटात
खोडरबराने दमवलेला, तरी न गेलेला
पाच.
तिन्ही वाचनांत तोच.

म्हणजे त्या खोलीतला सगळ्यात सरळ हात तिचा होता.
तिने मला खरं धरलं, एवढंच,
आणि स्वतःला खोडलं.

बुधवारी पत्रा बेनच्या टेबलावर ठेवला.
बेन बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या,
जसं काही तो बोलेल.
मग लाल पेनाने अठरांचे मार्क दुरुस्त केले.
एकोणिसावीवर थांबल्या:
मग ही शून्यावर कशी, शिर्केभाई?
मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर सायकली होत्या.
बेननी पेनाला टोपण लावलं.

(एक्सरेत काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले,
महिन्याने पुन्हा काढू, कधी कधी दिसत नाही.)

पुढच्या मंगळवारी जिगीषापुढे मी बाटली ठेवली,
चिठ्ठी न लावता.
तिने उलटीपालटी करून पाहिली.
भाई, यात किती आहे?
मला माहीत नाही, मी म्हटलं.
तू मोज.
तू सांगशील ते मी बाटलीवर लिहितो.